वरच्या दोन ओळी राहू द्या

प्रति,
माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विषय : ओपन सोर्स कोड वापरताना मूळ लेखकाचे नाव आणि परवाना पुसून टाकण्याची सवय

आपले बहुसंख्य वाचक संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत नसतील, तरीही या पत्राचा विषय त्यांच्या खिशातच आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये फोनविषयीची माहिती असते, तिच्यात कायदेशीर माहिती आणि तिच्याही आत परवान्यांची यादी सापडते. ती उघडली की कितीही खाली सरकवले तरी संपत नाही अशी नावांची आणि इंग्रजी मजकुराची रांग लागते. त्यातील प्रत्येक नोंदीमागे कोणीतरी लिहिलेला आणि इतरांना मोकळेपणाने वापरू दिलेला कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर आहे; यालाच ओपन सोर्स म्हणतात. कोट्यवधी फोन विकणाऱ्या कंपन्या ही यादी कोणावर उपकार म्हणून देत नाहीत. कोड वापरायचा तर लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा, ही किमान अट लेखकांनी घातलेली असते आणि ती त्यांना पाळावी लागते. आपल्याकडे गोव्यात लहान सॉफ्टवेअर व्यवसायांत आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत हीच अट सहजपणे मोडली जाते, असे मी गेली अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्यातला एक अनुभव माझा स्वतःचा असल्यामुळे तो आधी सांगतो.

मी फोंडा तालुक्यात राहतो आणि लहान संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करतो. २०१६ साली आमच्या गावच्या देवस्थानाच्या देणगी पावत्या संगणकावर छापायचे ठरले, तेव्हा पावतीवरची ‘अक्षरी रुपये’ ही ओळ आपोआप भरणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला. हे काम वाटते तेवढे सोपे नाही. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि पुढचे दहा-दहाचे टप्पे दिले की मधले आकडे जोडून तयार होतात. मराठीत एक ते नव्व्याण्णव या प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द आहे. एकोणतीस, एकोणचाळीस असे आकडे पुढच्या दशकाला टेकून उभे राहतात, पण नव्व्याण्णवला तो नियम लागत नाही. नुसते शंभर म्हणजे ‘शंभर’, पण त्यात एक मिळवला की ‘एकशे एक’ होते. त्यामुळे सगळी तालिका हातानेच लिहावी लागली. मराठीची निवृत्त शिक्षिका असलेल्या माझ्या आत्याने ती कागदावर तपासून दिली, दोन शब्दांवर माझ्याशी वाद घातला आणि दोन्ही वेळा तीच बरोबर निघाली. हा कोड इतर देवस्थानांना, सहकारी सोसायट्यांना, पंचायतींना उपयोगी पडावा म्हणून मी तो गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर, एमआयटी नावाच्या खुल्या परवान्याखाली ठेवला. फाईलच्या वर दोन ओळी घातल्या, एक माझ्या नावाची आणि दुसरी आत्याच्या नावाची, आणि खाली परवान्याचा मजकूर.

काही वर्षांनी म्हापशातील एका संस्थेची पावती माझ्या हातात आली. रक्कम ४७३ रुपये होती आणि अक्षरी छापले होते ‘चारशे त्र्याहात्तर रुपये फक्त’. त्र्याहत्तरमधल्या ‘ह’ला तिथे एक काना जास्त होता. तो काना माझाच होता. आत्याने तपासलेल्या कागदावरून टंकताना माझ्या हातून झालेली ती चूक पहिल्या आवृत्तीत होती आणि चारेक महिन्यांनी लक्षात आल्यावर मी ती दुरुस्त केली होती. चौकशी केली तेव्हा कळले की पावतीचे सॉफ्टवेअर एका व्यावसायिकाने त्या संस्थेला आणि इतरही काही संस्थांना विकले होते. त्यांना फोन केल्यावर उत्तर आले, “ओपन सोर्स आहे म्हणजे फुकट आहे, मग तक्रार कसली?” त्यांच्याकडे काम करणाऱ्या तरुण अभियंत्याने मात्र ती फाईल मला मोकळेपणाने दाखवली. तालिका जशीच्या तशी होती, आकड्यांच्या नियमांविषयी मी मराठीत लिहिलेल्या टिपाही जशाच्या तशा होत्या. फक्त वरच्या दोन ओळी आणि परवाना गेला होता, आणि त्या जागी त्या व्यवसायाचे नाव आणि ‘सर्व हक्क राखीव’ असे शब्द आले होते. तो मुलगा म्हणाला, “सर, वरचं काढायचं आणि आपलं घालायचं, असंच आम्ही करत आलो. कॉलेजात याविषयी कोणी कधी काही सांगितलंच नाही.” त्याच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला आदर आहे. पुढच्या आवृत्तीत त्याने दोन्ही नावे आणि परवाना परत घातला, आणि माझ्यापुरता तो वाद तिथे मिटला. पण त्या व्यावसायिकांचा प्रश्न अजून तसाच आहे, कारण तो मला अनेकांकडून ऐकावा लागतो.

त्या प्रश्नाचे उत्तर असे की मोकळा म्हणजे बेवारशी नव्हे. आपल्या गावोगावच्या जत्रांत नाटके होतात. एखादा लेखक गावच्या मंडळाकडून एक पैसाही न घेता प्रयोगाची परवानगी देतो. मंडळ तीन अंकांचे दोन अंक करते, पात्रे कमी करते, संहितेच्या झेरॉक्स काढून नटांना वाटते, आणि लेखकाची त्याला हरकत नसते. तरीही हँडबिलावर लेखकाच्या नावाच्या जागी मंडळाच्या अध्यक्षांचे नाव छापायचे धाडस गोव्यातले एकही मंडळ करणार नाही. कोडच्या बाबतीत नेमके तेच केले जाते आणि करणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, कारण हँडबील सगळे गाव वाचते आणि फाईलच्या वरच्या ओळी कोणी वाचत नाही.

एमआयटी परवाना दोनशेहूनही कमी इंग्रजी शब्दांचा आहे. वापरा, बदला, विका, इतरांना द्या, अशी सर्व मुभा तो देतो आणि बदल्यात एकच मागतो. कॉपीराइटची ओळ आणि हा परवाना कोडच्या प्रत्येक प्रतीत किंवा त्याच्या भरीव भागात ठेवावा. बीएसडी परवान्याची मागणी साधारण तशीच आहे. २००४ सालचा अपाची परवाना त्यात भर घालतो. बदललेल्या फायलींत बदल केल्याचे सांगावे, आणि मूळ प्रकल्पासोबत श्रेयाची ‘नोटीस’ फाईल असेल तर तिच्यातले श्रेय पुढे न्यावे. जीपीएल हा परवाना त्याहून पुढे जाऊन, तयार प्रोग्रॅम ज्याला दिला त्याला त्याचा मूळ कोडही त्याच परवान्याखाली मिळाला पाहिजे, असे म्हणतो. मागण्या कमी-अधिक आहेत, पण नाव पुसण्याची परवानगी यांपैकी कोणीही देत नाही.

श्रेयाची मागणी अवाजवी होऊ शकते, हेही मान्य केले पाहिजे. बीएसडीच्या जुन्या रूपात अशी अट होती की त्या सॉफ्टवेअरच्या गुणांचा उल्लेख करणाऱ्या प्रत्येक जाहिरातीत, तो परवाना जिथून आला त्या बर्कलेच्या विद्यापीठाचे नाव छापावे. इतरांनी त्यात आपापली नावे घालून तीच अट उचलली, आणि १९९७ च्या नेटबीएसडी या संगणक प्रणालीमध्ये अशी पंच्याहत्तर वेगवेगळी वाक्ये मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी मोजून दाखवली. अखेर विद्यापीठाने १९९९ मध्ये ती अट काढून टाकली. तसेच, चार ओळींचा साधा, नेहमीचा कोड कोणाच्या मालकीचा नसतो, आणि मराठी आकड्यांची नावे तर सर्वांचीच आहेत. कोणीही स्वतः बसून ती तालिका लिहावी, तिच्यावर मला हक्क सांगता येणार नाही आणि सांगायचाही नाही. पण ज्याने माझी फाईल घेतली, तिच्या टिपांसह आणि जास्तीच्या कान्यासह घेतली, त्याने वरच्या दोन ओळीही घ्यायला हव्या होत्या.

हा वाद न्यायालयात गेल्यावर काय होते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट जेकबसन आणि त्यांचे सहकारी छोट्या प्रतिकृती-रेल्वेगाड्या संगणकावरून चालवण्याचे सॉफ्टवेअर ओपन सोर्स म्हणून लिहीत होते. मॅथ्यू कॅटझर यांच्या कंपनीने त्यातील काही फायली आपल्या विक्रीच्या उत्पादनात घेतल्या. घेताना लेखकांची नावे, कॉपीराइटची सूचना, परवान्याचा उल्लेख, मूळ फाईल कुठली आणि तिच्यात काय बदलले याची नोंद, यांतले काहीच ठेवले नाही. खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये सांगितले की ही फार तर कराराची बाब आहे. जो कोड फुकटच दिला होता त्याच्या बाबतीत कराराचा भंग झाला, तर नुकसान पैशांत दाखवायचे कसे, असा पेच त्यातून उभा राहिला असता. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नाव ठेवण्याची आणि बदल नोंदवण्याची अट ही परवानगीचीच अट आहे, ती मोडली की परवानगी उरत नाही आणि वापर कॉपीराइटचा भंग ठरतो, असे त्या न्यायालयाने म्हटले. पैसे न घेता दिलेल्या कामातही लेखकाला आर्थिक हित असू शकते, हे त्याने स्पष्टपणे मांडले. २०१० मध्ये एक लाख डॉलर देण्याच्या तडजोडीवर ते प्रकरण संपले. खेळण्यातल्या रेल्वेच्या फायलींवरून झालेला हा निकाल आज ओपन सोर्सविषयीच्या कायदेशीर चर्चेत पायाभूत मानला जातो.

ही चूक केवळ नफा शोधणाऱ्यांकडूनच होते असेही नाही. २००७ मध्ये वायफाय चिप चालवणाऱ्या एका छोट्या प्रोग्रॅमवरून (ड्रायव्हरवरून) ओपनबीएसडी आणि लिनक्स या संगणक प्रणालींच्या दोन मुक्त प्रकल्पांतच वाद पेटला. बीएसडी धर्तीच्या परवान्याखालील मूळ फायली लिनक्समध्ये आणताना, तो परवाना काढून त्या जागी फक्त जीपीएल घालणारे बदल सुचवले गेले होते. ओपनबीएसडीच्या लोकांनी तीव्र हरकत घेतली, वकिलांचा सल्ला घ्यावा लागला, आणि अशा फायली आणताना मूळ सूचना जपायच्या असतात याची लेखी मार्गदर्शक टिपणे त्यातून निघाली. मुक्त सॉफ्टवेअरसाठी आयुष्य दिलेली माणसे जिथे घसरली, तिथे आमच्या पदवीधरांकडून आपोआप नीट वागण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. त्यांना शिकवावेच लागेल.

आपला कायदा याबाबत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हा साहित्यकृतीच्या व्याख्येत येतो. कलम ५७ अन्वये, लेखकाने आपले हक्क दुसऱ्याच्या नावे केले असले तरी ती कृती आपली आहे असे सांगण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-ब तर या विषयाच्या अगदी जवळचे आहे. कृतीचे शीर्षक, लेखकाचे नाव, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि वापराच्या अटी या माहितीला कायद्यात ‘हक्क व्यवस्थापन माहिती’ म्हटले आहे, आणि ती अधिकाराविना जाणूनबुजून काढणाऱ्यास किंवा बदलणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. फाईलच्या वरच्या त्या ओळींत हेच तर सगळे असते. अशा प्रकरणात लगेच पोलिसांत धाव घ्यावी असे मला मुळीच वाटत नाही. आधी एक पत्र, मग एक फोन, आणि दुरुस्तीला पुरेसा वेळ, ही रीत बहुतेक वेळा पुरते. पण ‘एवढ्याशा ओळीने काय होते’ असे म्हणणाऱ्याला ही कलमे ठाऊक असावीत.

नाव पुसल्याचे नुकसान केवळ लेखकाचे होत नाही, हे मला त्या जास्तीच्या कान्याने शिकवले. ज्यांनी माझ्या कोडचा उगम नोंदवून ठेवला होता, त्यांनी दुरुस्त आवृत्ती उतरवून घेतली. ज्यांनी तो पुसला, त्यांच्या ग्राहकांच्या पावत्यांवर ‘त्र्याहात्तर’ वर्षानुवर्षे छापले जात राहिले, कारण दुरुस्ती कुठून यायची हेच कोणाला माहीत नव्हते. इथे चूक एका कान्याची होती. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या लायब्ररीत, म्हणजे इतर प्रोग्रॅमांत वापरायच्या तयार कोडच्या संचात, गंभीर सुरक्षा-त्रुटी सापडली, तेव्हा ती लायब्ररी आपल्याकडे वापरली आहे की नाही हे शोधण्यातच जगभरच्या असंख्य संस्थांचे दिवसच्या दिवस गेले.

परीक्षांच्या वेळी बाह्य परीक्षक म्हणून मी अभियांत्रिकीच्या मुलांचे प्रकल्प पाहतो. एका प्रकल्पातल्या सगळ्या टिपा पोर्तुगीजमध्ये होत्या. कोड स्वतःचा असल्याचे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांतले एकही वाक्य वाचता येत नव्हते. कोड ब्राझीलमधल्या कोणाचा तरी होता आणि त्याचा परवाना तो वापरायला पूर्ण मुभा देणारा होता. मुलाने ‘हा भाग इथून घेतला, त्यावर हे नवे काम मी केले’ असे लिहिले असते, तर मी त्याला अधिक गुण दिले असते, कारण दुसऱ्याचा कोड समजून घेऊन त्यावर उभारणी करणे हे या व्यवसायातले निम्मे काम आहे. आम्ही परीक्षकच ‘सगळे स्वतः लिहिले का?’ असा चुकीचा प्रश्न विचारतो आणि मुलांना लपवायला शिकवतो. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरून उचललेली उत्तरेही क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेय मागणाऱ्या परवान्याखाली असतात, हे अनेक शिक्षकांनाही ठाऊक नाही. माझी महाविद्यालयांना विनंती आहे की प्रकल्पाच्या अहवालात, घेतलेल्या प्रत्येक भागाचे नाव, उगम आणि परवाना नोंदवणारे एक पान सक्तीचे करावे आणि त्याला गुण ठेवावेत.

याची सुरुवात त्याही आधी होऊ शकते. राज्य सरकारच्या ‘केअर्स’ योजनेमुळे आपल्या शाळांतील सहावी ते आठवीची मुले कोडिंग शिकू लागली आहेत. या वयाच्या मुलांसाठी बनलेल्या स्क्रॅच या प्रोग्रॅमिंगच्या साधनामध्ये दुसऱ्याचा प्रकल्प घेऊन बदलला की मूळ लेखकाचे नाव आपोआप दिसते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले की मुलांना यंत्राने घातलेल्या त्या नावाचे फारसे मोल वाटत नाही. कोणी स्वतःच्या शब्दांत ‘हे तुझे पाहून केले, आभार’ असे लिहिले तरच त्यांना श्रेय मिळाल्यासारखे वाटते. मुलांना जे कळते ते आपण मोठे होता होता विसरतो की काय, असे मला ते वाचताना वाटले.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी हा गुंता वाढवला आहे. सार्वजनिक कोडवर शिकलेली ही साधने मागाल तो कोड देतात, पण तो कोणाचा हे सहसा सांगत नाहीत. २०२१ मध्ये गिटहबचे कोपायलट हे कोड लिहून देणारे साधन चाचणीसाठी खुले झाले, तेव्हा एका जुन्या गाजलेल्या गेममधील गणिताचे एक सूत्र त्याने मूळ लेखकांच्या टिपांसह जसेच्या तसे काढून दिले आणि वर परवाना मात्र भलताच जोडला, हे तेव्हाच उघड झाले. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही प्रोग्रॅमरांनी याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा लावला. श्रेयाची माहिती काढून टाकल्याचा त्यांतला मुद्दा २०२४ मध्ये न्यायाधीशांनी फेटाळला, परवान्याच्या भंगाचा मुद्दा राहिला, आणि फेटाळलेला मुद्दा अपिलात गेला. निकाल काही लागो, आपल्या ग्राहकाला कोड देणारा माणूस आपणच आहोत. यंत्राने एखादा लांब आणि विशिष्ट तुकडा दिला, तर तो आधी कुठे प्रसिद्ध झाला आहे का हे शोधून पाहणे आपल्याला जड नाही.

शेवटी राज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञान खात्याला एक विनंती. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी कशी ठेवावी याची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. राज्याची खाती, नगरपालिका आणि पंचायती जे सॉफ्टवेअर बनवून घेतात, त्याच्या निविदेतच अशी यादी आणि प्रत्येक घटकाचा परवाना मागितला जावा. हे काम आता अवघड राहिलेले नाही. एसपीडीएक्स ही पद्धत २०२१ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि तिच्यामुळे फाईलच्या वर एका ओळीत परवाना यंत्रालाही वाचता येईल असा लिहिता येतो. सरकार मागू लागले की पुरवठादार ठेवू लागतील, आणि सार्वजनिक पैशांतून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये उद्या त्रुटी सापडली तर ती कुठे दुरुस्त करायची हेही सरकारला कळेल.

माझी ती आकड्यांची तालिका आजही उपलब्ध आहे. देवस्थानांनी, सोसायट्यांनी, दुकानदारांनी आणि त्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनीही ती खुशाल घ्यावी, बदलावी, तिच्यावर पैसे मिळवावेत. त्र्याहत्तर आता शुद्ध आहे. वर दोन नावे आहेत, त्यांतले दुसरे माझ्या आत्याचे आहे. तेवढ्या दोन ओळी आणि खालचा परवाना तसाच राहू द्यावा.

आपला नम्र,
एक सॉफ्टवेअर व्यावसायिक, फोंडा-गोवा